वादळ ओसरलं की परत येणारी यंत्रं

जनरेटर वापरलेला आहे की नाही हे ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी पाहायचं. नव्या यंत्राचं तोंड चकचकीत असतं. इंजिन काही तास चाललं की तिथे काजळी धरते आणि धातूवर तपकिरी-निळसर झाक चढते, ती कितीही घासली तरी जात नाही. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढायची. या छोट्या चार-स्ट्रोक इंजिनांत कारखान्यातून ऑइल भरून येत नाही, ते खोक्यात वेगळ्या बाटलीत असतं. डिपस्टिकवर काळं ऑइल दिसलं की यंत्र राबलेलं आहे. बऱ्याच यंत्रांवर आता तास मोजणारं मीटरही असतं. ते मीटर सहा-सात दिवसांची अखंड मजुरी दाखवत असतं आणि काउंटरपलीकडचा माणूस माझ्या डोळ्यांत बघून सांगत असतो, “नुसतं खोकं उघडलं. वापरायची वेळच आली नाही.”

ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात हार्डवेअरचं मोठं दुकान आहे, तिथे परत आलेला माल घेण्याच्या काउंटरवर मी काम करते. रंगाचे डबे, नळाच्या तोट्या, चुकीच्या मापाचे स्क्रू हे रोजचंच. त्यात कुणाचं काही बिघडत नाही आणि मलाही ते काम आवडतं. माणसं ओशाळून येतात, “माप चुकलं हो” म्हणतात, पैसे घेऊन हसत जातात. मला लिहायचंय ते इंजिनवाल्या यंत्रांबद्दल. जनरेटर, चेनसॉ, प्रेशर वॉशर, गवत कापायचं यंत्र. ही यंत्रं गरजेपुरती विकत न्यायची आणि गरज संपली की परत आणून द्यायची, असा एक रिवाजच पडून गेलाय. अंगण धुऊन झालं की प्रेशर वॉशर परत. पडलेलं झाड कापून झालं की चेनसॉ परत, साखळीत ओला भुसा तसाच. उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ उडवणारी यंत्रं मार्चमध्ये परत येतात. आमच्याकडे ऋतू वादळाचा.

2024 च्या 8 जुलैला पहाटे ‘बेरिल’ चक्रीवादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर मॅटागोर्डाजवळ आदळलं. वर्गवारीत ते सर्वांत खालच्या पायरीचं, पण सेंटरपॉइंट या वीज कंपनीच्या 22 लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. जुलैचा उकाडा, घरं सगळी एसीच्या भरवशावर बांधलेली, खिडक्या उघडल्या तरी वारा येणार नाही अशी. कुठल्या भागात वीज आहे याचा नकाशाही वीज कंपनीकडे धड नव्हता. लोक व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्याच्या ॲपवर त्याची कुठली दुकानं उघडी आहेत ते पाहून अंदाज बांधत होते. काही वस्त्यांत आठवडा उलटला तरी अंधार होता.

त्या आठवड्यात मी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. जनरेटरचा ट्रक यायच्या आधीच दुकानाबाहेर रांग लागायची. एका बाईच्या नवऱ्याला ऑक्सिजनचं यंत्र लागत होतं. एका तरुणाच्या हातात बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेलं आईचं इन्सुलिन होतं. रांगेत पुढे असलेल्या माणसाने आपला नंबर त्या बाईला दिला आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला. तो दिवस आठवला की मला आजही माणसांविषयी बरं वाटतं.

मग वीज आली. एका झटक्यात नाही, भागाभागाने आली. आणि ज्या भागात आज वीज, त्या भागातली खोकी उद्या माझ्या काउंटरवर. पिन कोड पाहून मला सांगता आलं असतं की काल कुठला फीडर, म्हणजे कुठल्या भागाची वीजवाहिनी, सुरू झाला. चाकांना चिखल, टाकीत पेट्रोल हिंदकळतंय, दोन प्लग तापून पिवळे पडलेले. आणि प्रत्येकाकडे पावती जपून ठेवलेली.

यात सगळे लबाड होते असं मी म्हणणार नाही. काहींनी भीतीपोटी दोन-दोन घेतले होते आणि एकाचं खोकं खरंच उघडलेलं नव्हतं. काहींना त्या महिन्याचं घरभाडं भरायचं होतं. आठवडाभर हॉटेलात राहून, फ्रीजमधलं सगळं टाकून देऊन हातात काही उरलं नव्हतं. त्यांच्यासमोर नियमाचा कागद धरताना माझा हात जड व्हायचा. पण मोठ्या गाड्यांतून उतरून, खोकं दुसऱ्याला उचलायला लावून, “वापरलाच नाही” म्हणणारेही पुष्कळ होते, आणि माझा राग त्यांच्यावर आहे.

“एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो?” हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. म्हणून यंत्र परत आल्यावर त्याचं काय होतं ते सांगते.

टाकीत एकदा पेट्रोल पडलं की ते यंत्र साधं खोकं राहत नाही, वाहतुकीच्या नियमांत ते ज्वालाग्राही मालात जमा होतं. आधी पेट्रोल काढायचं, कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, रिकामा करायचा, टाकी सुकवायची. हे काम मागच्या आवारात कुणीतरी करायचं असतं. तो कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा तासाच्या पगारावरचा विशीतला मुलगा. वादळानंतर पन्नास यंत्रं आली की ते काम मागे पडतं. आणि इथल्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. साठा जुना झाला की पेट्रोल चिकट होऊ लागतं आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे सुईच्या टोकाएवढ्या भोकात, त्याचा थर बसतो. यंत्र बाहेरून नवंकोरं दिसतं, पण दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी सुरू होत नाही.

काही यंत्रं उत्पादकाकडे परत जातात, काही दुरुस्त होऊन कमी वॉरंटीवर विकली जातात, काहींचे ढीगच्या ढीग लिलावात घाऊक भावाने जातात आणि काही सरळ भंगारात. महिनाभरापूर्वी ज्या यंत्रासाठी माणसं पहाटे रांगेत उभी होती ते भंगारात जाताना पाहणं मला अजून सोसत नाही. पण त्याहून वाईट म्हणजे जे घाईत नीट न तपासता पुन्हा फळीवर चढतं. ते कुणाच्या हाती पडतं? स्वस्त आहे म्हणून उघडलेल्या खोक्यातला माल घेणाऱ्याच्या. तो त्याला गॅरेजमध्ये ठेवतो आणि पुढच्या वादळाच्या रात्री पहिल्यांदा दोरी ओढतो.

आणि एक बारीकशी गोष्ट, जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. परत आलेल्या खोक्यात माहितीपुस्तिका क्वचितच असते. ती कुणाच्या तरी ओट्यावर राहिलेली असते. त्या पुस्तिकेत पहिल्याच पानांवर लिहिलेलं असतं की जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका, घरापासून निदान 20 फूट लांब ठेवा, धुराचं तोंड घराच्या विरुद्ध दिशेला करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेकडो मोटारगाड्यांमधून निघेल एवढा तो एका जनरेटरमधून निघू शकतो. 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सस गोठलं, तेव्हा ह्यूस्टन परिसरात शेकडो लोकांना या वायूची बाधा झाली, काही माणसं गेली. थंडीने कुडकुडणाऱ्या लोकांनी जनरेटर आणि कोळशाच्या शेगड्या घरात घेतल्या होत्या. तेव्हापासून पुस्तिका नसलेलं खोकं दिसलं की मी ते पुढे जाऊ देत नाही. उत्पादकाच्या वेबसाइटवरून ती छापून आत घालते. हे माझं काम नाही असं मला सांगितलं गेलंय. मी घालतेच.

माल परत घेण्याची ही सवलत अमेरिकेत आली कुठून, हे मी मुद्दाम वाचून काढलं, कारण मला ती सवलत मनापासून आवडते. ॲरन माँटगोमेरी वॉर्ड याने 1872 मध्ये शिकागोतून टपालाने माल विकायला सुरुवात केली. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे दूरदूरच्या माळांवरचे शेतकरी. वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही, दुकानदाराचा चेहरा ठाऊक नाही, मग पैसे कसे पाठवायचे? पसंत न पडल्यास पैसे परत, असं वचन त्याने 1875 मध्ये दिलं आणि ते पाळलं. पुढे 1912 मध्ये मेन राज्यात लिऑन बीन याने शिकाऱ्यांसाठी बूट केले. तळ रबराचा, वरचा भाग कातड्याचा. पहिल्या 100 जोडांपैकी 90 परत आले, शिवण उसवली म्हणून. त्याने सगळ्यांचे पैसे दिले, बूट सुधारला आणि त्याच नावावर एल. एल. बीन ही कंपनी शंभर वर्षं चालली. वस्तू कधीही परत आणा, हा त्यांचा शब्द. फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांनी तो मागे घेतला आणि एक वर्षाची मुदत घातली. लोक जुन्या बाजारातून त्यांचे झिजलेले बूट उचलून आणून नवे मागत होते. अशा परतीपायी पाच वर्षांत 25 कोटी डॉलर गेल्याचं कंपनीने सांगितलं. डोंगरभटक्यांची आरईआय ही सहकारी संस्था 2013 मध्येच त्या वाटेने गेली होती. आज इथल्या मोठ्या हार्डवेअर दुकानांच्या साखळ्यांत साध्या मालाला 90 दिवस मिळतात आणि इंजिनवाल्या यंत्रांना 30. हे 30 दिवस आपोआप आलेले नाहीत. ज्यांनी मार्चमध्ये बर्फाची यंत्रं परत केली त्यांनी ते आणले.

मी तासगावची. अण्णांचं, माझ्या वडिलांचं, डिझेल इंजिनांचं आणि पंपांचं दुकान होतं. पावतीवर छापलेलं असायचं, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही आता 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित प्रथा ठरते, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात. त्या काळी असलं काही कुणाच्या कानावर नव्हतं. पण अण्णा इंजिन विकून मोकळे होत नसत. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन बैलगाडीतून विहिरीवर जायचं, पाया धरला जायचा, आणि पहिलं हँडल शेतकऱ्याने स्वतः मारायचं. अण्णा बाजूला उभे. पाणी पाटाला लागलं की मगच चहा. बंद पडलं तर निरोप यायचा आणि अण्णा पाना-पेटी घेऊन निघायचे, रात्र असो की पाऊस. परत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण यंत्र विकणारा आणि घेणारा दोघंही एकाच बाजाराला येणारे होते. कुणी लबाडी केली तर आठवड्यात सगळ्या पंचक्रोशीला कळायचं.

तो भरवसा ओळखीवर उभा होता. ओळख नसलेल्याचे त्यात हाल व्हायचे, हेही मी पाहिलंय. परगावाहून आलेल्या, जातीने आडनावाने अनोळखी माणसाला बाजारपेठेत कोण विचारणार? त्याने घेतलेला पंप खराब निघाला तर त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसायचं. म्हणूनच मी या देशात आले तेव्हा मला इथल्या काउंटरचं अप्रूप वाटलं. इंग्रजी अडखळत होतं, कुणी ओळखीचं नव्हतं, आणि तरी दुकानातल्या मुलीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मिक्सर बदलून दिला. तू कुणाची, कुठली, असं काही न विचारता. अनोळखी माणसाला मिळणारी ही पत आहे, आणि तिची सगळ्यात जास्त गरज माझ्यासारख्या नव्याने आलेल्यांनाच असते.

त्यामुळे आपल्याच माणसांच्या तोंडून तिची चेष्टा ऐकली की मला फार लागतं. गणपतीच्या जेवणाला, वाढदिवसाला, हटकून कुणीतरी नव्या जोडप्याला शिकवत असतं : गाद्या कुठून घ्यायच्या, टीव्ही सामन्यापुरता कसा आणायचा, जनरेटर कसा ‘फिरवायचा’. बेरिलनंतर आमच्या ओळखीतल्या एकाने हे भर पंगतीत सांगितलं आणि लोकांनी कौतुकाने ऐकलं. फुकट ते पौष्टिक, कुणीतरी म्हणालं. मी तिथेच बोलले. दुसऱ्याच्या पैशाने आठवडाभर एसी चालवलास हे सांगायला लाज वाटायला हवी, असं म्हणाले. जेवण थोडं बिघडलं. पण ज्या नव्या मुलाला तो शिकवत होता तो इथे आठ महिन्यांपूर्वी आलेला, आणि त्याच्यापुढे कुणीतरी हे बोलायलाच हवं होतं.

प्रामाणिक माणूस या सगळ्यात कसा भरडला जातो त्याचं एकच उदाहरण देते. बेरिलनंतरच्या परतीला वैतागून आमच्याकडे पाटी लागली की वादळाच्या काळात विकलेले जनरेटर परत घेतले जाणार नाहीत, बिघाड असल्यास उत्पादकाशी संपर्क साधावा. पाटीच्या दुसऱ्याच दिवशी एक वयस्कर मेक्सिकन आजी आल्या, नातू बरोबर. त्यांचा जनरेटर पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं चालून बंद पडत होता. सायलेन्सर जवळजवळ कोरा, ऑइल मधासारखं स्वच्छ, मीटरवर तास नाहीच. बाई शंभर टक्के खरं सांगत होत्या, आणि मला त्यांना पाटीकडे बोट दाखवावं लागत होतं. मी मॅनेजरला बोलावलं, यंत्र दाखवलं, भांडले, आणि तो भला माणूस असल्यामुळे बदलून मिळालं. पण रोज असा मॅनेजर नसतो आणि रोज मी नसते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते या पाटीत मी रोज वाचते.

ज्याला आठवडाभरासाठीच यंत्र हवं आहे त्याच्यासाठी सरळ वाट आहे, आणि ती माझ्या काउंटरपासून हाकेच्या अंतरावर आहे. याच दुकानात भाड्याने यंत्रं देणारा विभाग आहे. चेनसॉ, प्रेशर वॉशर, जनरेटर, दिवसाचं किंवा आठवड्याचं भाडं, पेट्रोल-ऑइल पाहिलेलं, चालवून दाखवलेलं. वादळात तिथलेही जनरेटर संपतात हे मान्य. पण अंगण धुवायला वादळ लागत नाही. आणि ज्यांना भाडंही जड आहे त्यांच्यासाठी अमेरिकेत अवजारांची सार्वजनिक वाचनालयं आहेत. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयाचा असा विभाग 1979 पासून चालू आहे, वाचनालयाच्या कार्डावर ड्रिल मशीन घरी नेता येतं.

दुसरी वाट छोट्या डीलरची. श्टील कंपनीचे चेनसॉ इथल्या मोठ्या साखळ्यांत मिळतच नाहीत, दुरुस्ती करणाऱ्या डीलरकडेच मिळतात. कंपनीने एकेकाळी त्याचीच जाहिरात केली होती. डीलर यंत्र जोडून, पेट्रोल घालून, सुरू करून हातात देतो आणि बिघडलं तर स्वतः उघडतो. असा एक डीलर आमच्या भागात आहे, त्याचं दुकान पाहिलं की मला अण्णांच्या ऑइलच्या वासाची आठवण होते. त्याच्याकडे मोठ्या दुकानांतून घेतलेली यंत्रंही दुरुस्तीला येतात. तो म्हणतो, निम्मी यंत्रं बिघडलेली नसतातच, मालकाला चालवता येत नसतात. चोक कधी ओढायचा, पेट्रोलचा कॉक कुठे आहे, जमीन उतरती असली की ऑइल कमी आहे असं समजून इंजिन आपोआप का थांबतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती आणि या वसंतात ती मी मॅनेजरपुढे मांडली. परतीचे दरवाजे बंद करू नका. ज्या यंत्रात पेट्रोल पडलंय ते आधी दुरुस्तीला घ्या, तोवर माणसाला दुसरं वापरायला द्या, आणि दुरुस्त नाही झालं तर पैसे द्या. लबाड माणसाला त्यात काही मिळत नाही, खऱ्या माणसाला सगळं मिळतं. यावर तो म्हणाला की हे वरच्या ऑफिसच्या हातात आहे. मी ते लिहून दिलंय, उत्तराची वाट पाहते आहे. पण माझी दुसरी मागणी त्याच्या हातातली होती आणि त्याने ती मानली.

टेक्ससमध्ये एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस आपत्तीच्या तयारीच्या सामानावर विक्रीकर लागत नाही. 3000 डॉलरच्या आतला जनरेटर त्यात येतो. वादळांचा मोसम 1 जूनला सुरू होतो. म्हणजे मे महिना मोकळा असतो, माणसं घाबरलेली नसतात, ऐकून घ्यायला वेळ असतो. तर मेमधल्या शनिवारी सकाळी पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात आम्ही दुकानाचा एक जनरेटर मांडणार आहोत. ऑइल किती, चोक कधी, घरापासून किती लांब, वादळ गेल्यावर कार्ब्युरेटर कसा रिकामा करायचा, सगळं दाखवणार. त्या डीलरलाही मी बोलावलंय, तो येतो म्हणालाय. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मराठीत निरोप टाकलाय, आणि दोन-तीन घरांनी मिळून एक यंत्र घेण्याचा विचार करा, तासगावकडे पैऱ्याने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांची, कामं करतात तसा, हेही त्यात लिहिलंय. आमच्या गल्लीत तीन घरांनी ते केलंय. फ्रीज आळीपाळीने चालतात, पेट्रोलचा डबा ज्याने रिकामा केला त्याने भरायचा. निरोपाखाली त्या पंगतीतल्या नव्या मुलाने विचारलंय की पैसे कसे वाटून घ्यायचे. त्याला म्हटलं, शनिवारी ये, ते बोलू. पण आधी दोरी तू ओढायचीस.